मापाडी कोणाचा? — लातूर-नांदेडच्या प्रवासांतील कांहीं विचार

वैशाखांत लातुरास जाऊं नये, असें आम्हांस चौघांनीं बजावलें होतें. ऊन सोसवत नाहीं, पाण्याची ओढ असते, आणि पाहण्यासारखें तेथें आहे तरी काय, असा त्या बजावण्याचा एकंदर रोख होता. परंतु मावसभावाच्या नातवाची मुंज होती, आणि मावशीनें स्वतः फोनवर सांगितलें होतें, "मी आहे तोंवर एकदां येऊन जा. मागून यायचं तर कशाला येता?" नव्वदीला टेकलेल्या माणसाचें असें बोलावणें टाळतां येत नाहीं. आम्ही निघालों. मुंज यथास्थित पार पडली. तिचें वर्णन करून वाचकांचा वेळ घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्या निमित्तानें सहा दिवस त्या मुलखांत जें पाहिलें-ऐकिलें, त्यांतून एक प्रश्न मनांत रुतून बसला. तो वाचकांपुढें ठेवावा, एवढ्यासाठींच हा लेख.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनें निघालों तों कुर्डुवाडीस जाग आली. येथूनच पूर्वीं बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी निघत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंग्रज एंजिनियरानें अडीच फूट रुंदीच्या रुळांवर उभारलेली ही गाडी १८९७ सालीं बार्शीस पोंचली, व १९११ सालीं लातुरास. मावशी सासरीं आली ती याच गाडीनें. "चढावर गाडी इतकी हळू चालायची, की पोरं उतरून रानातला हरभरा उपटून पुन्हा डब्यात चढायची," हा तिचा ठरलेला किस्सा. आतां तो रूळहि गेला आणि तो हरभराहि. रुंद रुळांवरून आमची गाडी बार्शी, धाराशिव मागें टाकीत निघाली, आणि उजाडतां उजाडतां बालाघाटाच्या पठारावरची उघडीबोडकी काळी रानें दिसूं लागलीं. उन्हाळ्यांतल्या मराठवाड्याचें पहिलें दर्शन कांहीं सुखाचें नसतें. भेगाळलेली जमीन, बांधावरचें एखादें बाभळीचें झाड, आणि त्याच्या सावलींत उभीं असलेलीं चार जनावरें. परंतु या जमिनीची कस धरण्याची शक्ति फार मोठी आहे, हें लातूरच्या बाजारांत गेल्यावर कळतें.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशीं आमचे मावसबंधु — त्यांना घरांत सारेच दादा म्हणतात — आम्हांला बाजार दाखवावयास घेऊन गेले. लातूरचें मर्म म्हणजे गंजगोलाई. निजामी अमदानींत फैयाजुद्दीन नांवाच्या नगररचनाकारानें हें गांवाचें केंद्र आंखलें. मध्यें जगदंबेचें देऊळ, भोंवतीं दुकानांची गोल इमारत, आणि तिला चोहोंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक व्यापार वसला. तेथून पुढें आडत बाजारांत गेलों. तूर, हरभरा आणि सोयाबीन यांच्या राशींतून वाट काढीत आम्ही चाललों होतों. डाळींच्या व्यापारांत लातूरचें नांव साऱ्या देशांत घेतलें जातें. त्या नांवाचें कारण येथें पायांखालीं पसरलेलें दिसत होतें.

एका आडतीपुढें तुरीचें माप चाललें होतें. शेतकरी एका बाजूस उकिडवा बसला होता, खरेदीदाराचा माणूस वही घेऊन उभा होता, आणि दोघांच्या मधें कांट्यापाशीं एक मध्यम वयाचा मनुष्य पोतीं चढवून वजन पुकारीत होता. त्याच्या पुकारण्यांत ना घाई, ना आर्जव. दादा म्हणाले, "हा मापाडी. हा आडत्याचा नोकर नाही आणि खरेदीदाराचाही नाही. बाजार समितीचा परवाना असल्याशिवाय त्याला कांट्याला हात लावता येत नाही." आम्हीं त्या शेतकऱ्यास विचारलें, "तुमचा त्याच्यावर विश्वास आहे?" तो हंसून म्हणाला, "विश्वास भावावर नाही, मालक, कांट्यावर आहे. भाव काय, कमी-जास्त व्हायचाच. कांटा खोटा निघाला तर मग घरीच बसावं."

हें उत्तर आमच्या मनांतून जाईना. भावावरून भांडण झालें तरी बाजार चालतो. कांट्याविषयीं संशय आला कीं बाजार मोडतो. मग जेथें तुरीचीं पोतीं नसून जिल्ह्यांचे रस्ते, कालवे, शाळा आणि दवाखाने यांचा सौदा होतो, त्या राज्यकारभाराच्या बाजारांत मापाडी कोण? सरकार म्हणतें, आम्हीं पुष्कळ दिलें. जनता म्हणते, आम्हांस कांहींच मिळालें नाहीं. दोघांच्या मधें कांट्यापाशीं कोण उभें राहतें, आणि तें कोणाचें मीठ खातें?

युरोपांत अशा मापाड्यांच्या संस्थाच आहेत. तिकडे त्यांना 'थिंक टँक' म्हणतात. आपण त्यांस अभ्यासमंडळें म्हणूं. पहिल्या महायुद्धानंतर १९२० सालीं लंडनांत आंतरराष्ट्रीय प्रश्नांचा अभ्यास करणारी एक संस्था निघाली. ती चॅटॅम हाउस या आपल्या वास्तूच्याच नांवानें ओळखली जाते. संस्था म्हणून स्वतःचें मत द्यावयाचें नाहीं, मत द्यावें तें अभ्यासकानें आपल्या नांवावर, असें तिच्या सनदेंतच बंधन आहे. लंडनांतच १९६९ सालीं राजस्वाचा अभ्यास करणारी दुसरी एक संस्था स्थापन झाली. अर्थमंत्र्यांनीं अंदाजपत्रक मांडलें कीं दुसऱ्याच दिवशीं ही संस्था त्यांतील आंकड्यांची फोड करून लोकांपुढें ठेवते, आणि सत्ताधारी व विरोधक या दोघांनाहि तिचें म्हणणें ऐकावें लागतें. ब्रुसेल्स येथें २००५ सालीं 'ब्रूगेल' ही संस्था निघाली. तिला कांहीं युरोपीय सरकारें, मध्यवर्ती बँका व व्यापारी कंपन्या मिळून पैसा पुरवितात. अर्थात् तिकडेहि सारें सोंवळें आहे असें नाहीं. पैसा कोणाचा, हा प्रश्न तेथें वारंवार निघतो. म्हणून २०११ सालापासून युरोपीय संघानें जी उघड नोंदवही ठेवली आहे, तींत आपलें वजन वापरूं पाहणाऱ्या व्यापारी मंडळांबरोबर या अभ्यासमंडळांचेंहि सदर आहे. मापाड्यानेंहि आपला परवाना दर्शनीं टांगावा, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे हें कांहीं नवें आहे असें मात्र कोणीं समजूं नये. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा निघाली. १८७६-७७ च्या दुष्काळांत तिनें गांवोगांवची माहिती गोळा करून सरकारपुढें मांडली, आणि १८७८ पासून न्यायमूर्ति रानड्यांच्या प्रेरणेनें तिचें त्रैमासिक निघूं लागलें. नुसती तक्रार करावयाची नाहीं, तक्रारीस आंकड्यांचा आधार द्यावयाचा, हा धडा रानड्यांनीं महाराष्ट्रास घालून दिला. गोखल्यांनीं १९०५ सालीं भारत सेवक समाज काढला. पुढें साताऱ्याचे रावबहादुर काळे यांच्या देणगींतून १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. वाई तालुक्यांतील शेतीचा हिशेब बांधाबांधावर जाऊन काढणारे हे लोक होते. सरकारचे मिंधे नाहींत आणि सरकारचे वैरीहि नाहींत, अशी एक तिसरी जागा त्यांनीं निर्माण केली.

परंतु बाजारांतून परतत असतां आम्हांस जाणवलें कीं ही सारी परंपरा पुण्याची झाली. ज्या भूमीवर आम्ही उभे होतों, तिला हें भाग्य लाभलें नव्हतें. निजामाच्या राज्यांत साधी सभा भरवावयाची तरी गश्ती निशाण ५३ च्या अन्वयें परवानगी काढावी लागे. जेथें चार माणसांना एकत्र बसण्याची मोकळीक नाहीं, तेथें अभ्यासमंडळ कोठून निघणार? १९३७ सालीं परतुरास महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें, व दुसरें १९३८ सालीं याच लातुरास. पुढें स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं लढा झाला, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हा मुलूख मुक्त झाला. १९५३ च्या नागपूर करारानें समतोल विकासाचीं वचनें दिलीं गेलीं, पण १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिकांत सामील झाला तो कोणतीहि अट न घालतां. या गोष्टीचा येथील वडील माणसें अभिमानहि बाळगतात, आणि त्याच श्वासांत उसासाहि टाकतात. रात्रीं गच्चीवर अंथरुणें घातलीं असतां दादा म्हणाले, "आपण बिनशर्त गेलो, म्हणजे घरात सून आली आणि देण्याघेण्याची यादीच केली नाही. मग पुढं कोणी विचारलं, की तुला काय मिळालं नाही, तर ती कागद कुठला दाखवणार?"

हा कागद तयार झाला तो १९८४ सालीं. महाराष्ट्र सरकारनें १९८३ मध्यें प्रादेशिक असमतोलाचें सत्यशोधन करण्यासाठीं एक समिति नेमली व तिचें अध्यक्षपद वि. म. दांडेकरांना दिलें. दांडेकर हे संख्याशास्त्रांत मुरलेले गृहस्थ, गोखले संस्थेचे माजी संचालक. १९७१ सालीं नीलकंठ रथांच्या बरोबर त्यांनीं भारतांतील दारिद्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा अभ्यास परदेशी फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशानें झाला होता. तरी त्यांत कोणाची मनधरणी नव्हती. या समितीनें केलें तें असें. रस्ते, पाटबंधारे, खेड्यांना वीज, शाळा, दवाखाने, पिण्याचें पाणी अशा एकेक बाबींत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा त्या सरासरीच्या खालीं, त्याला सरासरीपर्यंत आणण्यास किती खर्च येईल, तो मांडला. त्या खर्चाला नांव दिलें 'अनुशेष'. आज हा शब्द मराठवाड्यांतील पानाच्या ठेल्यावरहि ऐकूं येतो. एका विद्वानाच्या अहवालांतला पारिभाषिक शब्द घरोघर पोंचावा, हें भाग्य फार थोड्या अहवालांना लाभलें असेल.

त्या मोजणीप्रमाणें साऱ्या राज्याचा अनुशेष निघाला सुमारें ३,१८६ कोटि रुपयांचा. त्यांत विदर्भाचा सुमारें १,२४६ कोटींचा, मराठवाड्याचा सुमारें ७५१ कोटींचा, आणि उरलेल्या महाराष्ट्राचा सुमारें १,१८९ कोटींचा. येथेंच कांट्याचें खरेपण दिसलें. ज्यांना वाटत होतें कीं सारी संपत्ति पश्चिमेकडे गेली आहे, त्यांना कळलें कीं त्या पश्चिमेंतहि मागासलेले जिल्हे पुष्कळ आहेत. आणि ज्यांना वाटत होतें कीं मराठवाड्याची ओरड पोकळ आहे, त्यांच्यापुढें ती ओरड रुपयांत मांडली गेली. कांट्यानें कोणाचीच भीड धरली नाहीं. शासनानें तो अहवाल रीतसर स्वीकारला नाहीं. तरी त्यांतील आंकडे टाळणें मात्र त्यानंतर कोणालाहि जमलें नाहीं. पुढें घटनेच्या ३७१ व्या कलमान्वयें १ मे १९९४ पासून वैधानिक विकास मंडळें आलीं. १९९७ सालीं निर्देशांक व अनुशेष समितीनें पुन्हां मोजणी केली, तेव्हां राज्याचा अनुशेष सुमारें १४,००७ कोटि व त्यांत मराठवाड्याचा सुमारें ४,००४ कोटि निघाला. २०११ सालीं विजय केळकरांच्या अध्यक्षतेखालीं आणखी एक समिति नेमली गेली. तिचा अहवाल २०१३ सालीं सादर झाला. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. मोजण्या झाल्या, कागद साठले. मधल्या काळांत लातुरानें काय पाहिलें, तेंहि सांगितलें पाहिजे.

२०१६ सालच्या उन्हाळ्यांत मांजरा धरण आटलें आणि लातूर शहराला रेल्वेनें पाणी आणावें लागलें. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यांत मिरजेहून पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पांच लक्ष लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली. मावशीनें त्या दिवसांत वापरलेली पितळी घागर अजून देवघराशेजारीं ठेवली आहे. आम्हीं ती उचलून पाहिली तेव्हां मावशी म्हणाली, "ज्या रुळांवरून मी आले, त्याच वाटेनं पाणी आलं रे. माझ्याबरोबर आलं असतं तर बरं झालं असतं." सारे हंसले, ती मात्र हंसली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं आम्ही किल्लारीस गेलों. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट, गणपति विसर्जनाची रात्र सरत होती, लोक नुकतेच निजले होते, तोंच भूकंप झाला. सरकारी मोजणीप्रमाणें जवळ जवळ आठ हजार माणसें गेलीं. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचें धाबें. उन्हाळ्यांत थंडावा देणारीं तीं घरेंच माणसांवर पडलीं. पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. नवीं घरें कशीं द्यावयाचीं याचें कोष्टक ठरलें तें जमिनीच्या मानानें: भूमिहीनास व अल्पभूधारकास अडीचशें चौरस फूट, मधल्यास चारशें, मोठ्या जमीनदारास साडेसातशें. कोष्टक नेमकें होतें, आणि इतक्या मोठ्या आपत्तींत कांहींतरी नेमकें हवेंच होतें. परंतु घरांत तीन भाऊ एका चुलीवर जेवतात कीं दोन, म्हातारी कोठें निजते, गुरें कोठें बांधावयाचीं, हें त्या रकान्यांत मावत नव्हतें. वाचकांपैकीं जे एकत्र कुटुंबांत वाढले आहेत त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. हें उणें कांहींसें भरून निघालें तें जेथें लोकांना विचारलें गेलें तेथें. घरदुरुस्तीच्या कामांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें गांवोगांव बायकांनाच 'संवाद सहायक' केलें, आणि भिंत कशी बांधावी याची चर्चा अंगणांत आणली. म्हणजे मोजणारानें नुसतें मोजून भागत नाहीं. काय मोजावयाचें हें कोणाला विचारून ठरवलें, हाहि प्रश्न आहेच.

परततांना औशाच्या अलीकडे एका निंबाखालीं आम्ही थांबलों. दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू काल रात्रभर मोजणी-मोजणी म्हणत होतास. तुला एक सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही." दादांची सारी नोकरी एका सरकारी कचेरींत गेली. नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांत त्यांच्याकडे तक्ते भरण्याचें काम होतें. गांवांत विहिरी किती, पैकीं पाणी असलेल्या किती, रस्ता किती लांब, त्यांतला बारमाही किती. गांवें दूर, एस्.टी. दिवसांतून एकदां, आणि तक्ता परवां पाठवायचा. "मी मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा आणि त्यात थोडे मिळवायचे. कमी केले तर साहेब विचारायचे, वाढवले तर कुणी विचारत नसे. एका गावाच्या विहिरी मी तीन वर्षं अशा वाढवल्या. त्या गावी मी एकदाही गेलो नव्हतो. आता वाटतं, वरचा विद्वान कितीही खरा असो, त्याच्या कांट्यात वजनं मी टाकली होती."

आम्हांस काय बोलावें सुचेना. पुण्यामुंबईच्या विद्वानांची थोरवी आम्ही सांगत होतों, आणि तिचा पाया एका तरुण कारकुनाच्या लेखणीवर उभा होता. दादांच्या त्या तक्त्याचें पुढें काय झालें, तो कोणाच्या टेबलावर गेला, हें कोणीं सांगावें? परंतु मोजणीची सारी उतरंड अशाच मडक्यांवर रचलेली असते. सर्वांत वरचें मडकें कितीहि पक्कें असलें, तरी खालचें कच्चें निघालें तर काय होतें, हें आपल्या घरांतल्या बायकाहि जाणतात.

चौथ्या दिवशीं दादा, त्यांची नात व आम्ही असे तिघे एस्.टी.नें नांदेडास निघालों. या नातीला घरांत सारे ताई म्हणतात. तिची बारावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. लातूर म्हणजे परीक्षांचें माहेरघर. 'लातूर पॅटर्न'चें नांव कोणी ऐकलें नाहीं? ताईनें वैद्यकीय प्रवेश-परीक्षाहि दिली होती, परंतु तिच्या मनांत पुण्यास जाऊन अर्थशास्त्र व संख्याशास्त्र शिकावयाचें होतें. मुंजीच्या घाईंतहि हा विषय तीन वेळां निघाला आणि तीन वेळां दाबला गेला. तिचे वडील म्हणत, "आकडे मोजून पोट भरत नाही. गावाला डॉक्टर हवेत." त्यांचें म्हणणें कांहीं खोटें नव्हतें. चाकूर, अहमदपूर, लोहा अशीं गांवें मागें पडत होतीं, आणि ताई खिडकींतून बाहेर पाहात गप्प बसली होती.

नांदेड आम्हांस लातुराहून वेगळें वाटलें. लातूर बाजाराचें गांव; नांदेड नदीचें. गोदावरीच्या तीरावर सचखंड श्री हुजूर साहिबाचें दर्शन घेतलें. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ सालीं येथें देह ठेवला, आणि महाराजा रणजितसिंगांनीं पुढें हें भव्य मंदिर उभारविलें. दूर पंजाबांतून आलेलीं कुटुंबें लंगरांत आपल्या शेजारीं जेवतात, आणि वाढणारा कोणालाहि जात-गांव विचारीत नाहीं. संध्याकाळीं गोवर्धन घाटावर गेलों. उन्हाळ्यामुळें पात्र रोडावलेलें होतें. वरच्या अंगास विष्णुपुरीचा बंधारा आहे, तेथून उचललेलें पाणी उंचावरील शेतांना जातें. मावशीनें सांगितल्याप्रमाणें तिच्या नांवानें आम्हीं एक डुबकी घेतली.

दादांचे एक जुने स्नेही येथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आतां निवृत्त आहेत. त्यांच्या ओसरीवर रात्रीं गप्पा रंगल्या. ते म्हणाले, "तुम्ही पुण्याची परंपरा सांगता, ती मान्य. पण आमच्याकडंही माणसं होती. पीपल्स कॉलेज १९५० साली निघालं, आणि तिथं पुढं नरहर कुरुंदकर प्राचार्य झाले. त्यांच्यामागं ना मोठी संस्था, ना देणगी. तरी राजकारण असो की नाट्यशास्त्र, ज्याची बाजू चुकली त्याला तोंडावर सांगायचे. मग तो मित्र असो." कुरुंदकर १९८२ सालीं गेले, त्याला चार दशकांवर काळ लोटला, तरी त्यांचें नांव निघतांच प्राध्यापकांचा आवाज जड झाला.

आम्हीं विचारलें, "मग गोविंदभाईंना कोठें बसवाल?" गोविंदभाई श्रॉफ हे मुक्तिसंग्रामांतले सेनानी, मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारें त्यांनीं या विभागाच्या हक्कांसाठीं आयुष्य वेंचलें. प्राध्यापक म्हणाले, "गोविंदभाई वकील होते, मापाडी नव्हते, कोर्टातले नव्हे, मराठवाड्याचे वकील. पण ते आकड्याशिवाय उभे राहायचे नाहीत. वकील हवाच. मापाडीही हवा. मात्र एकाच माणसानं सकाळी वकिली आणि दुपारी मोजणी केली, तर दोन्हींवरचा विश्वास उडतो. आमची उणीव ही, की वकील आम्हाला खूप मिळाले. मापाडी दर वेळी बाहेरून बोलवावा लागला."

"बाहेरचा मापाडी खरा नसतो का?" ताईनें एकदम विचारलें. साऱ्या प्रवासांत तिनें इतक्या मोठ्यानें बोललेलें हें पहिलेंच वाक्य.

"असतो की. दांडेकर बाहेरचेच होते, आणि खरे होते. पण बाहेरचा येतो, मोजतो आणि जातो. जिल्ह्याची सरासरी काढली, की शहरातल्या नळाखाली खेड्यातली कोरडी विहीर झाकली जाते. म्हणून केळकर समितीनं तालुक्याकडं पाहा म्हटलं. तालुक्याच्याही खाली गाव आहे, गावाखाली वस्ती आहे. तिथं कोण जाणार? जो इथं राहतो तोच. आणि इथं राहूनही ज्याला इथल्या पुढाऱ्याला 'नाही' म्हणता येईल, तो." थोडें थांबून ते म्हणाले, "ज्याला 'नाही' म्हणता येतं आणि दुसऱ्या दिवशीही ज्याची चूल पेटते, त्याला मी स्वतंत्र म्हणतो. म्हणून संस्था लागते. एकट्याच्या स्वाभिमानावर हे चालत नाही."

हें वाक्य आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटलें. आपण स्वतंत्र बाण्याच्या माणसांचीं चरित्रें आवडीनें वाचतों, मुलांना वाचावयास देतों. परंतु बाणा टिकावा म्हणून त्याच्या मागें जी तजवीज लागते, तिची चर्चा आपण करीत नाहीं. रावबहादुर काळ्यांनीं देणगी दिली नसती तर गाडगिळांची विद्वत्ता कोठल्या ओसरीवर बसली असती, हें कोण सांगेल? आपल्या घरांतून देवळांना, मठांना, वसतिगृहांना दान जातें, तें जावेंच. परंतु जिल्ह्याचा खरा हिशेब मांडणाऱ्या चार तरुणांना पांच वर्षें निर्वेध बसतां यावें म्हणून कोणीं दान दिल्याचें आम्हीं तरी क्वचित् ऐकलें आहे. नांदेडास १९९४ सालापासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ आहे; हुशार मुलांची या दोन्ही जिल्ह्यांत वाण नाहीं. परंतु घरांतला हुशार मुलगा किंवा मुलगी म्हणजे डॉक्टर नाहींतर एंजिनियर, हें समीकरण आपणच पक्कें करून ठेवलें आहे. मग मोजावयास बाहेरचा मनुष्य आला म्हणून रुसावें तरी कोणावर?

सकाळीं परतीच्या वाटेवर अहमदपुराच्या आधीं दादांनीं एकाएकीं एस्.टी. थांबविली. "इथून ते गाव जवळ आहे," ते म्हणाले. कोणतें गांव तें आम्हीं विचारलें नाहीं. ऊन चढत होतें. दादा पुढें, ताई मागें वही घेऊन, आणि आम्ही त्यांच्या मागें, असे तीन तास आम्ही त्या शिवारांत हिंडलों. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें आम्हांला विहिरी दाखविल्या. कोठली बुजली, कोठली आटली, कोठल्या विहिरीवर आतां विंधणविहीर झाली, तें सांगितलें. सरकारी माणसें समजून लोक आधीं बिचकले, नंतर पोरें बरोबर चालूं लागलीं. ताई प्रत्येक विहिरींत खडा टाकून कान देई आणि मग लिही. जुना आंकडा दादांना पाठ होता. नवा ताईच्या वहींत उतरला. दोन्ही येथें छापण्याचें कारण नाहीं. ते जुळत नव्हते, एवढें पुरे. दादांनीं वहीखालीं स्वतःची सही केली आणि तारीख घातली.

घरीं आल्यावर रात्रीं पंगतींत तोच विषय पुन्हां निघाला. ताईचे वडील म्हणाले, "काका, तुम्ही तरी तिला समजवा." आम्ही पाहुणे, दुसऱ्याच्या घरांतल्या गोष्टींत किती बोलावें, या विचारांत असतां मावशी आंतून काठी टेकीत आली. तिनें ताईला विचारलें, "काय लिहायलीस गं दुपारपासून?"

"विहिरी, पणजी. किती आहेत त्या."

"मोजल्यास का नुसत्या लिहिल्यास?"

दादांनीं पानांतून मान वर केली नाहीं. त्यांनीं आईजवळ कधीं कांहीं बोलून दाखविलें होतें कीं नाहीं, हें आम्हांस ठाऊक नाहीं.

"मोजल्या," ताई म्हणाली.

मावशी नातवाकडे वळली. "डॉक्टर पैशानं आणता येतो रे, बाबा. दुसऱ्या गावचाही चालतो. घरातलं माप घालायला मात्र घरातलं माणूस लागतं. कोठीची किल्ली मी परक्याच्या हाती कधी दिली नाही." इतकें बोलून ती निजावयास गेली. पंगत पुष्कळ वेळ गप्प होती. ताईच्या वडिलांनीं होकार दिला असें नाहीं. परंतु निकाल लागेपर्यंत विषय पुढें ढकलला, आणि पुण्यास जागा कोठें मिळते याची चौकशी करण्यास आम्हांस सांगितलें.

ती चौकशी आम्ही करीत आहों. त्या चौकशीचें काय होईल तें होवो. मराठवाड्याचा अनुशेष एका मुलीच्या शिकण्यानें भरून निघणार नाहीं, हें आम्हांस कळतें. परंतु लातूरच्या बाजारांतला तो शेतकरी म्हणाला तें खरें आहे. भावाचें भांडण पुढच्या शंभर वर्षांतहि मिटणार नाहीं. कांटा मात्र आजच खरा करतां येतो. आणि तो उचलावयास कोणी बाहेरून येईल म्हणून वाट पाहण्याचे दिवस संपावे, असें वाटत असेल, तर त्याची सुरुवात आपल्या पंगतींतून, आपल्या मुलांच्या वह्यांतून झाली पाहिजे. निघतांना मावशीनें आमच्या पिशवींत तुरीच्या डाळीचें गांठोडें घातलें. "मोजून घातलीय हो," ती म्हणाली, "घरी जाऊन पाहा."